टॉप्सचा १९७५चा बेसबॉल कार्ड-संच : माफक खिशाला परवडणारा जुना माल

जुन्या बेसबॉल कार्डांचा विषय निघाला की मिकी मॅंटल या नामवंत खेळाडूच्या १९५२च्या कार्डाचा उल्लेख होतोच. २०२२मध्ये त्याची एक प्रत १ कोटी २६ लाख डॉलरना विकली गेली. न्यू जर्सीत घरखर्च भागवून या छंदासाठी महिन्याला चाळीस डॉलर बाजूला काढणाऱ्या माझ्यासारख्याने त्या वाटेला जाऊ नये, हे उघडच आहे. म्हणून गेली तीन वर्षे मी टॉप्स या च्युइंगमसोबत कार्डे विकणाऱ्या अमेरिकी कंपनीचा १९७५चा एकच संच जमवत आहे.

संचात ६६० कार्डे आहेत. प्रत्येक कार्डाची चौकट दोन भडक रंगांची असून छायाचित्रावर खेळाडूची स्वाक्षरी छापलेली आहे. जांभळ्याला गुलाबी, हिरव्याला पिवळा अशा जोड्या काहींना बटबटीत वाटतात. मला त्या आवडतात, कारण बिग फन बबलगमसोबत मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रे डब्यात साठवण्यात ज्याचे बालपण गेले, त्याला च्युइंगमवाल्यांच्या मालाकडून संयत अभिरुचीची अपेक्षा नसते.

याच चौकटीमुळे हा संच स्वस्तात मिळतो. रंग थेट कडेपर्यंत असल्याने कोपरा जरा घासला तरी पांढरा कागद उघडा पडतो, आणि निर्दोष प्रती दुर्मीळ होऊन त्यांच्या किमती चढतात. मात्र कोपरे बोथट झालेली, चित्र एका बाजूला सरकलेली कार्डे गठ्ठ्याने विकली जातात. मी पहिली दोनशे कार्डे साठ डॉलरना घेतली आणि त्यांतली बहुतेक हातात धरून वाचायला उत्तम होती. संघांच्या कार्डांमागे खेळाडूंची यादी असते, तीवर त्या काळच्या मुलांनी पेनाने खुणा केल्या आहेत. संग्राहक अशा प्रतींना नाक मुरडतात, त्यामुळे त्या आणखी कमी किमतीत मिळतात. माझ्या मते त्या खुणांमुळे कार्डाची शोभा वाढते.

खरा आनंद मजकुरात आहे. १ क्रमांकाचे कार्ड हँक अ‍ॅरनचे असून ८ एप्रिल १९७४ रोजी ७१५वा होम रन (चेंडू बहुधा सीमेपार टोलवून एका फटक्यात पूर्ण केलेली धाव) मारून त्याने बेब रूथचा कारकिर्दीतील सर्वाधिक होम रनचा विक्रम मोडला, त्या प्रसंगाचे आहे. ६६० क्रमांकावर पुन्हा तोच आहे, पण तोवर तो अटलांटा सोडून मिलवॉकीच्या संघात गेला होता. १८९ ते २१२ या क्रमांकांवर १९५१पासूनच्या प्रत्येक वर्षी अमेरिकन आणि नॅशनल या दोन्ही लीगमध्ये सर्वोत्तम ठरलेल्या खेळाडूंच्या जुन्या कार्डांची छोटी चित्रे आहेत. १९५६, १९५७ आणि १९६२ या तिन्ही वर्षी मॅंटल तो मान मिळवून गेल्यामुळे, मूळ कार्ड न परवडणाऱ्याला त्याची निदान प्रतिमा तरी काही डॉलरांत मिळते. गंमत म्हणजे १९६२चा नॅशनल लीगमधला मानकरी मॉरी विल्स टॉप्सशी करारबद्ध नव्हता, त्यामुळे त्याचे त्या वर्षीचे कार्ड कधी निघालेच नव्हते. या मालिकेसाठी कंपनीने ते नव्याने रचले.

महाग कार्डे मोजकीच आहेत. जॉर्ज ब्रेट (२२८) आणि रॉबिन यूंट (२२३) यांची ही पहिली कार्डे. दोघेही १९९९मध्ये नोलन रायन या पिचरबरोबर (चेंडू फेकणाऱ्याबरोबर) हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या सन्मानयादीत, गेले. मधोमध घडी पडलेले ब्रेटचे कार्ड मी तीस डॉलरना घेतले आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. गॅरी कार्टरचे पहिले कार्ड मात्र चार नवख्या खेळाडूंमध्ये विभागलेले असल्याने भिंग लावूनच त्याचे दर्शन घ्यावे लागते.

भिंग बनावट प्रती ओळखायलाही लागते. मूळ छपाईत चित्र ठिपक्यांचे असले तरी अक्षरांच्या कडा सलग असतात. स्कॅन करून छापलेल्या नकलेत अक्षरेही ठिपक्यांची बनलेली दिसतात. फूटपट्टीही जवळ ठेवावी. एका ऑनलाइन विक्रेत्याने मला धारदार कोपऱ्यांची म्हणून पाठवलेली चार कार्डे कडेने कापलेली निघाली. प्रमाणित माप अडीच बाय साडेतीन इंच असताना ती जेमतेम काही मिलिमीटर अरुंद होती. कंपनीने त्याच वर्षी या संचाची एक लहान आवृत्तीही प्रायोगिक म्हणून काढली होती, पण ती लांबी-रुंदी दोन्हींत स्पष्टपणे लहान आहे, त्यामुळे ही कार्डे त्या आवृत्तीतली असावीत ही सबब येथे चालली नाही. पैसे परत मिळाले, टपालखर्च गेला.

कार्डाची अवस्था तपासून त्याचे गुणांकन करून प्लॅस्टिकच्या पेटीत बंद केलेली प्रत साध्या खेळाडूंच्या बाबतीत घेऊ नये, कारण गुणांकनाचे शुल्कच कार्डाच्या किमतीहून कितीतरी अधिक असते आणि मागील बाजूचे प्रश्नोत्तरांचे व्यंगचित्र पाहताना प्लॅस्टिकची चकाकी आडवी येते. ब्रेटच्या चांगल्या प्रतीसाठी ती पेटी चालेल. नऊ खणांची साधी पाने आणि जाड वही एवढ्यावर माझे काम भागते. आता सदतीस क्रमांक उरले आहेत, त्यांत यूंट आणि ५०० क्रमांकाचा रायन हे दोघे आहेत. येत्या दोन महिन्यांचे पैसे त्यांच्यासाठी राखून ठेवले आहेत.