३१५ ठेवायची की ३७५? आजोबांच्या रायफली वारसाने आलेल्यांसाठी

गोव्यात सत्तरी, डिचोलीकडच्या जुन्या घरात वारसाने दोन रायफली, एक ३१५ आणि एक ३७५ (हे इंचाच्या हजारांश भागातलं माप), आणि एक बारा बोर, म्हणजे छऱ्याची बंदूक, आली असेल तर प्रश्न पडतोच, कारण शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर लायसनवर तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात, वारसाने आली तरी. बारा बोर कुळागरवाला, म्हणजे सुपारी-नारळाची बाग असलेला, सोडणार नाही. म्हणजे जागा उरली एक. माझं मत आधीच सांगतो, ३१५ ठेवा.

३७५ हॉलंड अँड हॉलंडचा रुबाब मान्यच आहे, मला स्वतःला हे काडतूस फार आवडतं. १९१२ साली लंडनच्या हॉलंडवाल्यांनी काढलं, बुडाशी पट्टा आणि वर लांब उतरती केस (काडतुसाचं पितळी कवच), ती उतरती का तर गरम देशात जुन्या कॉर्डाइट दारूचा दाब वाढायचा आणि केस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या काडतूस बसायच्या जागेत, अडकायची, उतारामुळे ती झटकन सुटून येते. ३०० ग्रेनची गोळी, म्हणजे साधारण १९ ग्रॅम, सेकंदाला ७६०-७७० मीटरने जाते. आफ्रिकेत कितीतरी ठिकाणी मोठ्या धोकादायक जनावरासाठी कायद्यानेच यापेक्षा लहान कॅलिबर चालत नाही. याचा जर्मन भाऊबंद ९.३×६२, बर्लिनच्या ओटो बॉकने १९०५ मध्ये काढला, तो साध्या माउझर ९८ या जर्मन रायफलीत बसतो म्हणून स्वस्त पडायचा आणि आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांनी तो उचलला. आपल्याकडे सहसा दिसत नाही.

आता ३१५. हिच्यामागे इंग्रजांची भीती आहे. ३०३ हे लष्कराचं काडतूस, ते लोकांच्या हातात नको म्हणून बंदी, मग बीएसए या इंग्रज बंदूक कंपनीने लष्कराच्याच ली-एनफिल्ड रायफलीची अ‍ॅक्शन, म्हणजे काडतूस भरायची-काढायची यंत्रणा, घेऊन ८ एमएमची, म्हणजेच ३१५ ची, रायफल विकली, काडतूस मूळ ऑस्ट्रियाच्या ८×५०आर मानलिखरच्या घराण्यातलं. स्वातंत्र्यानंतर इशापूरच्या कारखान्याने ती चालू ठेवली. जड गोळी, वेग बेताचा, दीडशे-दोनशे मीटरच्या पुढे बरीच खाली बसते, पण खांद्याला ३७५ सारखी लाथ मारत नाही आणि मुख्य म्हणजे काडतूस इथेच बनतं, डीलरकडे मिळतं. ३७५ चं बाहेरून आलेलं, मिळालं तर महाग, आणि बार न काढता रायफल नुसती कपाटात उभी करायची असेल तर काय उपयोग. शिकारीचा विषयच नाही, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे आणि गवा तर आपला राज्यप्राणी, वापर झालाच तर रेंजवर.

एकच अपवाद. तुमची ३७५ खरी हॉलंडचीच बनावट असेल, नळी आतून स्वच्छ असेल, तर रायफलीवरचा नंबर कंपनीला कळवून बघा, त्यांच्याकडे जुन्या वह्या आहेत. तशी निघाली तर ३१५ सोडा, मीही तेच करेन.

आणि एक, हे गोव्यात जास्त लक्षात ठेवायचं. पोर्तुगीज लष्कराकडेही ८ एमएम माउझर होत्या, त्यामुळे खणात एखादं जुनं "८ एमएम" काडतूस सापडलं तर ते ३१५ चंच असेल असं धरू नका. ३१५ च्या केसला बुडाशी बाहेर आलेली कड असते, माउझरच्याला नसते. चेंबरमध्ये घालून बघायचंच नाही, सरळ पोलीस स्टेशनात कळवा.