पोकेमॉन गो, स्कार्लेट-व्हायोलेट की पालवर्ल्ड: अपडेटनंतर हातात काय उरतं?

जीव पकडायचे, वाढवायचे आणि लढवायचे, असा गेम घ्यायचं ठरलं की बहुतेक जण ग्राफिक्स आणि किंमत बघतात. मी म्हणेन, आधी त्या गेमच्या अपडेटचा इतिहास बघा. आज सुरू केलेला गेम आणि वर्षभरानं त्याच नावानं चालणारा गेम यांत बराच फरक पडलेला असतो. तो फरक पुण्यात बसलेल्याला वेगळा जाणवतो आणि माजलगाव-उदगीरच्या पोराला वेगळा. म्हणून ही तुलना मराठवाड्यात राहून खेळणाऱ्यासाठी आहे.

पोकेमॉन गोपासून सुरुवात करू, कारण तो फुकट आहे आणि मोबाइल तर घरोघरी आहे. बाहेर फिरून पोकेमॉन नावाचे जीव पकडायचा हा मोबाइलवरचा गेम. भारतात तो डिसेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओच्या साथीनं आला. पण त्यातले पोकेस्टॉप (नकाशावरच्या खऱ्या जागा, जिथे गेममधलं सामान मिळतं) आणि जिम (जिथे लढती होतात) बहुतांशी तो बनवणाऱ्या नियान्टिक कंपनीच्याच इन्ग्रेस या आधीच्या गेममधून उचललेले होते. इन्ग्रेसच्या खेळाडूंनी जिथली देवळं, पुतळे, जुन्या वास्तू सुचवल्या होत्या तिथला नकाशा भरलेला. जिथे तो गेम कुणी खेळतच नव्हतं तिथला रिकामा. छत्रपती संभाजीनगरसारख्या मोठ्या शहरात खेळणं आणि तालुक्याच्या गावात खेळणं यातली दरी तिथूनच पडली. पुढे वरच्या लेव्हलच्या खेळाडूंना स्वतः जागा सुचवायची सोय मिळाली. पण लेव्हल वाढवायला स्टॉप लागतात, आणि स्टॉप वाढवायला लेव्हल. ही गाठ सुटायला वेळ लागतो.

२०२० मध्ये कोरोनाच्या काळात आलेल्या बदलांनी आपल्यासारख्यांना खरा हात दिला. स्टॉपवरून सामान घेता येण्याचं अंतर ४० मीटरवरून ८० मीटर झालं आणि रिमोट रेड पास आला. ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी सांगतो: रेड म्हणजे जिमवर आलेल्या ताकदवान पोकेमॉनशी अनेकांनी मिळून करायची लढत. मोठ्या रेडमधला पोकेमॉन सहसा एकट्यानं हरत नाही, आणखी काही जण एका वेळी लागतात. औशात किंवा वसमतमध्ये भर दुपारी एवढे खेळाडू एका जिमपाशी कुठून जमवणार? रिमोट पास असला की घरी बसून परदेशातल्या रेडमध्येही शिरता येतं. गावाकडच्या खेळाडूला दुर्मीळ पोकेमॉन पहिल्यांदा आवाक्यात आले ते या एका अपडेटमुळे.

आणि तेच पुढे आवळलं गेलं. ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिका आणि न्यूझीलंडमध्ये अंतर पुन्हा ४० मीटर केलं, तेव्हा खेळाडू इतके भडकले की महिनाअखेरीस ८० मीटर कायम करावं लागलं. एप्रिल २०२३ मध्ये मात्र कंपनी मागे हटली नाही. एका रिमोट पासची किंमत १०० कॉइनवरून (कॉइन म्हणजे गेममधलं चलन) १९५ झाली, वर दिवसाला पाच रेडची मर्यादा बसली. लोकांनी बाहेर पडून एकत्र खेळावं, हा त्यामागचा विचार. मला तो विचार कळतो, पण त्याचा भार सगळ्यात जास्त पडला तो जिथे बाहेर पडूनही कुणी भेटत नाही अशा गावांवर. हे मला आजही पटलेलं नाही.

लढतींचंही असंच. डिसेंबर २०२० पासून गो तीन-तीन महिन्यांच्या सीझनमध्ये चालतो आणि सीझन बदलताना मूव्हची, म्हणजे पोकेमॉनच्या डावांची, ताकद वर-खाली होते. महिनोन्‌महिने स्टारडस्ट (पोकेमॉनची ताकद वाढवायला लागणारी गेममधली पूड) साठवून तयार केलेला पोकेमॉन बदलांच्या एका यादीनं मागे पडू शकतो. अपडेट नाकारायची सोय नाही. नवं व्हर्जन सक्तीचं झालं की ते घेतल्याशिवाय गेम उघडत नाही. बटईनं केलेल्या वावरासारखं आहे हे. मेहनत तुमची, पीकही दिसतं, पण सातबारा दुसऱ्याच्या नावावर. २०२३ मध्ये गेम हिंदीत आला, ही गोष्ट मात्र मनापासून आवडली. घरातल्या लहान लेकरांना तो कळायला लागला.

निन्टेंडोच्या स्विच या मशीनवर चालणाऱ्या पोकेमॉन स्कार्लेट आणि व्हायोलेट या जोडगेमची गोष्ट उलटी. १८ नोव्हेंबर २०२२ ला हे गेम आले तेच अर्धेकच्चे. गेममधल्या कॅसरोया तलावाजवळ तो अडखळायचा, लांबची माणसं झटके खात चालायची. डिसेंबरच्या पहिल्या पॅचसोबत (पॅच म्हणजे दुरुस्तीचं अपडेट) निन्टेंडोला खेळाडूंची माफी मागावी लागली. पुढच्या पॅचनी बारीकसारीक चुका मिटवल्या, पण अडखळणं पूर्ण गेलं नाही. ते गेलं जून २०२५ मध्ये, स्विच २ आल्यावर. अपडेट फुकट, पण त्याचा पुरता फायदा नव्या मशीनवरच. जुन्या स्विचवर खेळणार असाल तर हा दोष धरूनच घ्या. २०२३ मधले दोन मोठे भाग, ‘द टील मास्क’ आणि ‘द इंडिगो डिस्क’, यांचे पैसे वेगळे पडतात.

तरी माझा कौल याच बाजूला झुकतो. कार्ड घातलं की नेट नसतानाही अख्खी कथा खेळता येते. वाढवलेला पोकेमॉन तुमच्या सेव्हमध्ये राहतो. मूव्ह आणि प्रकारांचे मोठे बदल सहसा नव्या पिढीच्या गेमसोबत होतात, जसा २०१३ च्या पोकेमॉन एक्स-वायमध्ये फेअरी प्रकार आला. दर तीन महिन्यांनी नाही. थ्रीडीएस या निन्टेंडोच्या जुन्या मशीनची ऑनलाइन सेवा एप्रिल २०२४ मध्ये बंद झाली, पण एक्स-वायचं कार्ड आजही चालतं. गोचे सर्व्हर बंद पडले तर असं काही उरणार नाही.

आणखी एक सोय आपल्याकडे फार कामाची. शेजारच्या स्विचमध्ये त्याच गेमचं नवं व्हर्जन असेल तर इंटरनेटशिवाय, थेट मशीनवरून मशीनवर ते घेता येतं. रोजचा दीड जीबी डेटा पुरवून वापरणाऱ्याला याची किंमत कळेल. निन्टेंडोकडे ही रीत जुनी आहे. २००२ च्या पोकेमॉन रुबी-सफायरमध्ये घड्याळाच्या चुकीमुळे वर्षभरानं बेरी (गेममधली फळं) वाढायच्या थांबायच्या. त्यानंतरचे फायररेड, लीफग्रीन किंवा एमराल्ड हे गेम असलेल्या मित्राच्या मशीनला केबल जोडली की दुरुस्ती व्हायची.

अडचण मशीनची. आपल्याकडे मिळतो तो स्विच बहुतेक आयात केलेला, त्यामुळे दुकानदार वॉरंटी स्वतः देतोय का, हे बिलावर लिहून घ्या.

पालवर्ल्डबद्दल थोडक्यात. यातल्या जीवांना पाल म्हणतात. १९ जानेवारी २०२४ पासून तो अर्ली ॲक्सेसमध्ये आला, म्हणजे बदलत राहणार हे सांगूनच विकला. साकुराजिमा आणि फेब्रेक या अपडेटनी नवी बेटं आणि नवे पाल दिले. पण सप्टेंबर २०२४ मध्ये निन्टेंडो आणि द पोकेमॉन कंपनीनं पेटंटचा दावा ठोकला. त्यानंतर नोव्हेंबरच्या पॅचमध्ये गोळा फेकून पाल बाहेर काढण्याची पद्धत गेली, आणि मे २०२५ मध्ये पालला धरून हवेत तरंगणं गेलं. आता तरंगायला ग्लायडर लागतो. पैसे मोजून घेतलेली गोष्ट कोर्टातल्या भांडणानं बदलली, खेळाडूची चूक नसताना. शिवाय किमान १६ जीबी रॅम आणि ४० जीबी जागा हवी. घरी दमदार पीसी आणि वायफाय नसेल तर यात पडू नका.

तर, हातात फक्त मोबाइल असेल तर गो जरूर खेळा, पण पासचा साठा करण्यात पैसे घालू नका. नियम कधी बदलेल याचा भरवसा नाही. पैसे साठवून एकदाच खर्च करायचा असेल तर स्विच आणि स्कार्लेट-व्हायोलेटचं कार्ड घ्या, शक्यतो वापरलेलं. कथा तीच आणि पॅचही फुकटच. गावात आधीच कुणाकडे स्विच असेल तर तो स्कार्लेट खेळतो की व्हायोलेट ते विचारा आणि तुम्ही दुसरा घ्या. दोन्हींतले काही पोकेमॉन वेगळे आहेत. शेजारी बसून अदलाबदल करायला नेट लागत नाही.