जाहिरातीत कालथा स्टीलचा होता

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, माझ्यापुढे ताटली ठेवली आणि नेहमीसारखं "खाऊन बघ" म्हणाल्या नाहीत. घावन पांढरंशुभ्र, छान जाळी पडलेलं, आणि त्या जाळीत मोहरीपेक्षाही बारीक काळपट कण. आधी वाटलं पीठ करपलंय. एक कण नखाने उचलला तर तो चपटा निघाला, पापुद्र्यासारखा. तवा खिडकीशी नेऊन उजेडात धरला. मधोमध जुन्या आठ आण्याएवढा भाग सोलला गेला होता आणि खालचं अ‍ॅल्युमिनियम चकाकत होतं. तवा घरात येऊन चार महिनेही झाले नव्हते.

"माझ्याच हातान काय तरी चुकला असतला गो," आई म्हणाल्या.

पन्नास वर्षं चुलीवर, स्टोव्हवर, गॅसवर रांधलेली ही बाई. तिला स्वतःच्या हातावर संशय यावा, हे मला गेलेल्या पैशांपेक्षा जास्त लागलं. म्हणून हे लिहिते आहे.

तो सेट मी दिवाळीच्या आधी घेतला होता. सात नग, 'ग्रॅनाइट' फिनिश: तवा, कढई, फ्राय पॅन, सॉसपॅन, दोन झाकणं आणि एक लाकडी चमचा. खोक्यावर एमआरपी ११,९९९ रुपये, मला पडला ४,४९९ ला. खोक्यावर एका अभिनेत्रीचा हसरा फोटो. तिची मालिका आमच्या घरी कित्येक वर्षं रोज संध्याकाळी लागायची आणि आई तिच्याबद्दल घरातल्या मुलीसारखं बोलायच्या. जाहिरातीत ती मराठीतच सांगत होती, "माझ्या घरीसुद्धा हाच सेट आहे." आई म्हणाल्या, ती कशाला खोटं बोलेल? मलाही तसंच वाटलं. दुकानात मी त्या कढईचं वजनसुद्धा हातात घेऊन पाहिलं नाही.

कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन केला तेव्हा पलीकडच्या मुलाने पहिलाच प्रश्न विचारला, "मॅडम, तुम्ही स्टीलचा कालथा वापरला का?" मी हो म्हटलं. घावन तव्यावरून काढायला घरात पातळ पात्याचा कालथाच असतो, तो जाड लाकडी चमचा त्याच्या कडेखाली शिरत नाही. "मग वॉरंटी लागू होत नाही. आणि आच मोठी ठेवली असेल तरी नाही." वॉरंटी कार्ड शोधून काढलं. बाहेर ठळक अक्षरांत '२ वर्षांची वॉरंटी'. आत बारीक इंग्रजीत असं, की ती हँडल आणि रिव्हेटसाठी आहे, कोटिंगचं घासणं, ओरखडे, पापुद्रे निघणं हे 'नेहमीची झीज' धरलं जाईल. नॉनस्टिक भांड्यात जे सगळ्यात आधी जातं तेच वॉरंटीत नव्हतं.

त्याच रात्री मी ती जाहिरात मोबाइलवर पुन्हा लावली आणि थांबवत थांबवत पाहिली. पंचविसेक सेकंदांची आहे. आठव्या सेकंदाला तव्याखाली मोठी निळी ज्योत दिसते. बाराव्या सेकंदाला ती हसत हसत डोसा उलटते, आणि तिच्या हातात कालथा आहे. स्टीलचा. तव्यावर घासल्याचा खरखर आवाजसुद्धा ऐकू येतो. तिथेच तळाला एक इंग्रजी ओळ येऊन जाते, 'क्रिएटिव्ह व्हिज्युअलायझेशन', म्हणजे हे कल्पनेतलं दृश्य आहे. आमच्या आईंना इंग्रजी वाचता येत नाही. त्यांनी तिच्या हातातलं पाहिलं आणि तसंच केलं.

मी व्हिडिओ साठवून ठेवला, त्या दृश्याचे स्क्रीनशॉट काढले. बिल, खोकं, वॉरंटी कार्ड, पापुद्रे निघालेला तवा यांचेही फोटो घेतले. हे सगळ्यात आधी करा, कारण जाहिराती बदलतात, काढून टाकल्या जातात.

खोकं पालथं केल्यावर आणखी एक गोष्ट कळली. 'मार्केटेड बाय' म्हणून एका कंपनीचं नाव, त्याच्याखाली लहान अक्षरांत 'मॅन्युफॅक्चर्ड बाय' म्हणून भलत्याच कंपनीचा पत्ता. पत्रकात कोटिंगचा प्रकार लिहिला होता: पीटीएफई. म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवरचं साधं नॉनस्टिक, वर दगडासारखे ठिपके. ग्रॅनाइट फक्त दिसण्यात. पीटीएफई साधारण २६० अंश सेल्सिअसच्या पुढे खराब व्हायला लागतं, आणि मोठ्या आचेवर रिकामा तवा काही मिनिटांत त्याच्या पुढे जातो. घावनाला तवा कडकडीत तापवावाच लागतो, नाहीतर जाळी पडत नाही. म्हणजे हा तवा या कामाचाच नव्हता, आणि जाहिरातीत नेमकं तेच काम दाखवलं होतं. ११,९९९ या आकड्यालाही काही अर्थ नव्हता. एमआरपी म्हणजे त्यापेक्षा जास्त घ्यायचे नाहीत एवढंच. तो आकडा कंपनीच ठरवते, आणि आधी फुगवून मग 'साठ टक्के सूट' द्यायला तिला कोणी अडवत नाही.

नावाची किंमत किती असते ते नंतर वाचलं. अमेरिकेत मुष्टियोद्धा जॉर्ज फोरमन याच्या नावाचं ग्रिल १९९४ मध्ये आलं. त्याने ते शोधून काढलं नव्हतं. तरी १९९९ मध्ये कंपनीने त्याचं नाव कायमचं वापरता यावं म्हणून सुमारे १३ कोटी ८० लाख डॉलर मोजले. ते ग्रिल लोकांना आवडलंही होतं, पण हा पैसा नावाचा होता आणि तो शेवटी वस्तूच्या किमतीतूनच निघतो.

आपल्याकडे याबद्दल कायदा आहे, आणि मला तो माहीतच नव्हता. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी कंपनीला आणि जाहिरात करणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीलाही १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. त्या व्यक्तीला एक वर्षापर्यंत जाहिराती करायला बंदी घालता येते, पुन्हा तसंच केलं तर तीन वर्षांपर्यंत. ९ जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की शिफारस करणाऱ्याला त्या वस्तूची पुरेशी माहिती किंवा अनुभव हवा, आणि खालची बारीक ओळ मुख्य दाव्याच्या विरुद्ध जाता कामा नये. दावा ज्या भाषेत, त्याच भाषेत ती ओळ हवी. आमची जाहिरात मराठीत आणि ओळ इंग्रजीत होती.

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. बारा दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं: पुढच्या खरेदीवर २० टक्के सवलतीचं कूपन. मी ते नाकारलं आणि दोन स्क्रीनशॉट शेजारी शेजारी लावून पाठवले, एकात जाहिरातीतला कालथा, दुसऱ्यात पत्रकातलं 'फक्त लाकडी किंवा सिलिकॉन चमचा वापरा'. खाली लिहिलं, की पंधरा दिवसांत पैसे परत आले नाहीत तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, तक्रार करायची मुदत दोन वर्षं आणि अर्ज घरबसल्या ऑनलाइन करता येतो. मग मात्र फोन आला. 'यापुढे कोणतीही तक्रार करणार नाही' असं लिहून द्या म्हणाले. मी फक्त 'रक्कम मिळाली' एवढंच लिहून देईन म्हटलं. ४,४९९ रुपये परत आले. जाहिरातीबद्दलची तक्रार मी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे वेगळी पाठवली आहे. तिचं उत्तर अजून आलेलं नाही आणि जाहिरात अजून लागते.

प्रसिद्ध चेहऱ्याची प्रत्येक वस्तू वाईट असते असं मी म्हणत नाही. माझ्या जावेने एका नटाची जाहिरात असलेला प्रेशर कुकर घेतला आणि तो उत्तम चालतो. पण तिने घेण्याआधी आयएसआय चिन्हाखालचा सीएम/एल क्रमांक, म्हणजे परवान्याचा नंबर, भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये टाकून पाहिला, परवाना चालू आहे आणि कंपनीचं नाव जुळतं याची खात्री केली. १ फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती प्रेशर कुकरला हे चिन्ह सक्तीचं आहे. शिट्टी आणि रबर जवळच्या दुकानात मिळतं का, तेही विचारलं. मी यातलं काहीच केलं नव्हतं.

पैसे आले त्या दिवशी आईंना सांगितलं, "बघा, तुमच्या हाताचं काही चुकलं नव्हतं." त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी त्यांनी मला माळ्यावरून बिडाचा तवा काढायला लावला. त्यांच्या आईने दिलेला, गंजून तांबडा झालेला. आम्ही तो घासला, तेल लावून तापवला, अर्धा कांदा तेलात बुडवून त्यावर फिरवत राहिलो. पहिली तीन घावनं चिकटली. चौथं कडेने सुटलं, आणि आईंनी ते पातळ कालथ्यावर उचलून माझ्या ताटलीत टाकलं.

"खाऊन बघ," म्हणाल्या.