भिंतीतल्या जुन्या वायरींवर नेट: पॉवरलाइन आणि मोका, काही महिने वापरल्यावर

इंदूरला रामबागेत आमचं जुनं घर. फायबर येतं तळमजल्यावर पुढच्या खोलीत, माझं कामाचं टेबल वर मागच्या खोलीत आणि मध्ये दीड फुटी भिंती. वायफाय जिन्यातच दम सोडतं. नवी वायर ओढायला पाइप नाही, आणि ताजा रंग उकरू द्यायला आई तयार नाही. तेव्हा भिंतीत आधीच जे तांबं आहे, त्यावरूनच नेट न्यायचं ठरवलं.

आधी पॉवरलाइन, म्हणजे विजेच्या तारांतूनच नेट. एक अडॅप्टर राउटरजवळ, एक वर. दोन्हीकडची बटणं दाबली की जोडी जमते. वीज ५० हर्ट्झवर आणि डेटा २ मेगाहर्ट्झच्या वर, म्हणून एकाच तारेत दोघांचं जमतं. खोक्यावरच्या १२०० एमबीपीएस या आकड्याकडे मात्र बघूच नका. मला रात्री शंभरच्या आसपास मिळायचे, दिवसा त्याहून कमी. स्वस्तातले एलईडी दिवे आणि चार्जर त्याच तारेत कचरा सोडतात. खाली मिक्सर लागला की मीटिंगमधले चेहरे गोठायचे. आमच्याकडे चटणी कधी वाटली जाते हे माझ्या अख्ख्या टीमला पाठ झालं होतं. अडॅप्टर स्पाइक बस्टरमध्ये खोचू नका, त्यातला फिल्टर नेमका हाच सिग्नल खातो. थ्री फेज कनेक्शन असेल आणि दोन खोल्या वेगळ्या फेजवर असतील तर स्पीड आणखी पडतो.

मामेभावाने त्याच्याकडची जी.एचएनची जोडी आणून दिली. माझी होमप्लगची. ही पॉवरलाइनचीच दोन वेगळी तंत्रं. दोन्ही जवळपास त्याच फ्रिक्वेन्सीवर चालतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत. दोन्ही जोड्या एकदम लावल्या तेव्हा दोघींचाही स्पीड आपटला. घरात एकच जात ठेवा.

मग लक्ष गेलं केबल टीव्हीच्या जुन्या कोअॅक्स वायरीकडे. मोका नावाचं तंत्र यावरूनच चालतं. जेल रोडवर विचारलं तर दुकानदार कॉफीचं नाव ऐकल्यासारखा बघत राहिला. शेवटी बाहेरून मागवलं आणि महाग पडलं. पण काम चोख. केबल टीव्हीचा सिग्नल साधारण १००० मेगाहर्ट्झच्या आत संपतो, मोका २.५ चालतं ११२५ ते १६७५ मध्ये. म्हणून खाली बाबांच्या मालिका आणि वर माझी मीटिंग, एकाच वायरीतून, एकमेकांना धक्का न लावता.

डीटीएचवाल्यांनी इथे थांबावं. छत्रीवरचा एलएनबी, म्हणजे तिच्या तोंडाशी सिग्नल पकडणारा डबा, तो सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झवर उतरवून खाली पाठवतो, म्हणजे मोकाच्या बरोबर डोक्यावर. शिवाय त्याच वायरीतून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट जातात. आमच्याकडे गच्चीवरची छत्रीची वायर वेगळी आहे, तिला मी हात लावला नाही. घरात एकच कोअॅक्स असेल आणि ती डीटीएचला लागत असेल, तर मोका घेऊ नका.

जिन्याखाली माळ्यावर केबलवाल्याचा जुना स्प्लिटर, म्हणजे एका वायरीला फाटे फोडणारी डबी, सापडला. धूळ पुसली तर वर छापलेलं, ५ ते १००० मेगाहर्ट्झ. म्हणजे मोकाचा रस्ता तिथेच अडणार. १६७५ च्या पुढे जाणारा स्प्लिटर बसवला, मोकळ्या तोंडावर ७५ ओहमची टोपी लावली, आणि केबल घरात शिरते तिथे मोकाचा फिल्टर. तो फिल्टर टाळू नका, नाहीतर आपलं नेटवर्क केबलवाल्याच्या लाइनवरून शेजाऱ्यांपर्यंत जाऊ शकतं. आता ३०० च्या प्लॅनवर वर पूर्ण ३०० मिळतात आणि मिक्सरचा काही संबंध उरलेला नाही.

टेलिफोनच्या दोन तारांचा विचार सोडून दिला. आमच्या घरात त्या जागोजागी तुटल्यात. पॉवरलाइनची जोडी फेकली नाही, ती मागच्या अंगणातल्या कॅमेऱ्याला लावली आहे, तिथे तेवढा स्पीड पुरतो. फक्त लाईट गेली की ती बंद पडते, कारण त्या बाजूचं सॉकेट इन्व्हर्टरवर नाही. वायरमनला सांगून ठेवलंय.