स्प्रेचा डबा विमानाने येत नाही, हे मला माहीत होतं

17,418 रुपये, ऑनलाइन फसवणुकीत गेलेले. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण घरी तो सांगायला मला चार दिवस लागले.

मी गोव्यातल्या फोंड्याचा. बावीस वर्षं दुसऱ्यांचे हिशेब तपासतोय. छंद एकच, प्लास्टिकच्या मॉडेल गाड्या जोडायच्या आणि रंगवायच्या. तामिया या जपानी कंपनीचा, खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढा (1:24) निसान स्कायलाइन आर34 चा किट किती दिवस शोधत होतो. चवथीच्या सुट्टीत जोडू, असं भाच्याला कबूल करून बसलो होतो. विकणारा ऑनलाइन भेटला. दिल्लीचा म्हणे. "सर, मी पण मॉडेलर." सील न फोडलेला किट आणि निळ्या लॅकर रंगाच्या स्प्रेचे दोन डबे, मिळून 4,850. फुकटात देतो म्हणाला असता तर संशय तरी आला असता. भाव अगदी वाजवी लावला होता मेल्याने.

चवथ म्हणजे पाऊस. आपल्याकडच्या दमट हवेत लॅकर मारला की रंगावर पांढुरकी साय धरते, म्हणून उघडीप बघूनच स्प्रे हातात घ्यावा लागतो. हे त्याला लिहिलं, तर म्हणाला, "एअरने टाकतो सर, परवा तुमच्या हातात."

इथे. इथेच मी फोन बंद करायला हवा होता. स्प्रेच्या डब्यात पेट घेणारा गॅस दाबून भरलेला असतो, कुरियरवाले तो विमानात घेत नाहीत. माझे आजवरचे सगळे डबे रस्त्याने आलेत, आठ-दहा दिवस खात. त्यातलंच एक खोकं, आगीचं चिन्ह छापलेलं, टेबलाखाली पडलेलं असतं, उरलेले स्प्रू, म्हणजे भाग काढून घेतल्यावर राहणाऱ्या प्लास्टिकच्या काड्या, ठेवायला. त्या खोक्यावर पाय ठेवून मी त्याला "थँक्स" लिहिलं!

मग पार्सलचा विमा, "परत मिळेल", 1,499. मग जीएसटीचं बिल, 2,360. का भरले विचारू नका. 4,850 अडकले होते, ते सोडवायला भरले. शेवटी मी आवाज चढवला, तर सगळे 8,709 परत करतो म्हणून क्यूआर कोड पाठवला. रात्रीचे साडेदहा, दिवसभराचं काम, डोकं भणभणलेलं. स्कॅन केला, पिन घातला. आणखी 8,709 गेले. पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच नाही. ऑफिसात हे मीच सगळ्यांना सांगत फिरायचो.

1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, त्याच मिनिटाला फोन करायचा असतो, पैसे पुढे सरकायच्या आत. मी लाजेने दुसरा दिवस उजाडू दिला. तुम्ही देऊ नका.

पोलिसांकडे गेलो तर हवालदार शेजारच्याकडे बघून हसला. "कितें बाब, खेळण्याचे गाडयेक सतरा हजार?" माझी तक्रार गाडीची नव्हती, चोरीची होती. तिथून दुसऱ्या ठाण्यावर पाठवलं. तिथले म्हणाले, तुमच्या हद्दीतच द्या. दोन हेलपाटे, दोन अर्ध्या रजा, प्रिंटआउट तीनदा काढले कारण "स्क्रीनशॉटवर तारीख दिसत नाही". बँकेत तर कहर. काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता विचारलं, "पिन तुम्हीच घातला ना काका?" हो बाई, मीच घातला. म्हणूनच आलोय ना! तिने एक फॉर्म दिला. त्याची पोच मागितली तर शिक्का मारणारा जेवायला गेलेला.

जुना किट घेताना डब्याशेजारी आजची तारीख लिहिलेला कागद ठेवून फोटो मागा. मी मागितला नव्हता, माणसावर अविश्वास दाखवल्यासारखं वाटलं.

काल तोच किट पुन्हा विकायला आलेला दिसला, वेगळं नाव, वेगळा नंबर, 2,900. डब्याच्या उजव्या कोपऱ्यावरची चीर मात्र तीच.