देशी गवतांचे मिश्र बियाणे: उजाड कुरणासाठी कितपत उपयोगी?

अतिचराईने उजाड झालेल्या कुरणांवर पेरण्यासाठी मिळणाऱ्या देशी गवतांच्या एका मिश्र बियाण्याचे हे परीक्षण आहे. मिश्रणात मारवेल आणि कुसळी ही बहुवर्षायू गवते प्रमुख असून सोबत थोडे शेंगवर्गीय बी आहे.

या बियाण्याची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे पिशवीवरची चिठ्ठी. बी कोणत्या भागातून आणि कोणत्या प्रकारच्या जमिनीवरून गोळा केले, हे तिच्यावर स्पष्ट लिहिले आहे. नुसत्या ‘देशी’ या शिक्क्यावर विसंबून कुरण पेरणे धोक्याचे असते. अंजन गवत आफ्रिकेच्या आणि आशियाच्या कोरड्या पट्ट्यांत मूळचे आहे; तेच चाऱ्यासाठी ऑस्ट्रेलियात आणि उत्तर अमेरिकेतील सोनोरन वाळवंटाच्या प्रदेशात नेले गेले, तेव्हा तिथे त्याने स्थानिक वनस्पतींना मागे रेटले, आणि त्याच्या वाळलेल्या दाट थरातून आगी अशा भागांत पसरू लागल्या, जिथल्या निवडुंगांना आग सोसत नाही. म्हणून बियाण्याचे मूळ ठिकाण सांगणारा विक्रेता मला मोलाचा वाटतो.

शुद्धता आणि उगवण यांचे आकडेही चिठ्ठीवर वेगवेगळे दिले आहेत, आणि ते एकत्र वाचावे लागतात. समजा, शुद्धता ६० टक्के आणि उगवण ५० टक्के असेल, तर १० किलोच्या पिशवीत प्रत्यक्ष उगवू शकणारे बी ३ किलोच भरते. उरलेले तूस, काड्या आणि निर्जीव दाणे असतात. पेरणीचे प्रमाण या ३ किलोंवरून ठरवायला हवे. मात्र बी गोळा केल्याचे वर्ष कुठेच दिलेले नाही, ही गंभीर उणीव आहे. अनेक रानगवतांचे ताजे बी काही महिने सुप्तावस्थेत राहते आणि फार जुन्या बियांची उगवणक्षमता घटते, त्यामुळे वर्ष कळल्याशिवाय पेरणीची वेळ नीट ठरवता येत नाही.

ओल्या टिपकागदावर ठेवून पाहिले, तेव्हा मारवेल चांगले उगवले, पण शेंगवर्गीय दाणे तसेच टणक राहिले. वाळूकागदावर हलके घासल्यावर त्यांनी पाणी घेतले आणि ते फुगले. ही प्रक्रिया विक्रेत्याने आधीच करायला हवी होती, निदान तशी सूचना तरी द्यायला हवी होती. कुसळीचे बी मात्र कुसळांसकट दिले आहे, याचे मला मनापासून कौतुक वाटते. ओल मिळाली की कुसळाचा पीळ उलगडतो, वाळले की पुन्हा बसतो आणि या फिरण्यातून टोकदार बी स्वतःच मातीत शिरते. हाताने फेकून पेरणाऱ्यांसाठी हे उत्तम आहे. पेरणीयंत्रात मात्र अशा बियांचे गुंते होऊन नळ्या तुंबतात.

माझा खरा आक्षेप सोबतच्या माहितीपत्रकाला आहे. ‘बी पसरा आणि पावसाची वाट पाहा’ हा त्यातला सल्ला उजाड जमिनीला लागू पडत नाही. तिथे वरचा थर कडक झालेला असतो, पाणी मुरत नाही आणि वाहत्या पाण्याबरोबर बीही निघून जाते. उताराला आडवे उथळ चर ओढून, बी जेमतेम मातीआड करून त्यावर काटक्यांचे आच्छादन घातले, तरच ते जागेवर राहते. ही बारीक बिये खोल गाडली, तर कोंब वर येत नाही. नवी रोपे मूळ धरून स्वतःचे बी टाकेपर्यंत चराईही बंद ठेवावी लागते, आणि त्यासाठी जनावरांच्या चाऱ्याची दुसरी सोय आधी लावावी लागते. पत्रकात याचा साधा उल्लेखही नाही.

ज्या कुरणात जुन्या गवतांचे ठोंब अजून तग धरून आहेत, तिथे हे बियाणे घेण्याची घाई करू नये. आधी चराई थांबवून एक पावसाळा पाहावा, कारण बऱ्याचदा तेवढ्यानेच गवत परत येते. जिथे ठोंबही उरलेले नाहीत आणि जमीन तयार करण्याची तयारी आहे, तिथे हे मिश्रण मी अवश्य सुचवेन, मात्र बी कोणत्या वर्षीचे आहे हे विक्रेत्याकडून लेखी घेऊनच.