वाय-फाय कॉलिंग: अख्खा पावसाळा वापरल्यानंतर

आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यातलं, जांभ्या चिऱ्याचं. खळ्यात मोबाइल सिग्नलच्या दोन-तीन काड्या, माजघरात शिरलं की "आवाज तुटतोय, बाहेर ये." भर आषाढात बाहेर जायचं कुठे?

कस्टमर केअरचं उत्तर ठरलेलं: "नेटवर्क सेटिंग रीसेट करा." याचा मला मनस्वी राग आहे. रीसेट केलं की साठवलेले सगळे वाय-फाय पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोडण्या पुसल्या जातात, आणि हे आधी कोणी सांगत नाही. सिग्नल भिंतीतून आतच येत नसेल तर रीसेटने भिंत पातळ होणार आहे का? दुकानदार सिग्नल वाढवणारा बूस्टर गळ्यात मारत होता. विनापरवाना बूस्टर बेकायदेशीर आहे, शिवाय त्याने टॉवरलाच अडथळा होऊन शेजाऱ्यांचे कॉल बिघडतात. तो विषय तिथेच संपला.

खरा फरक पडला वाय-फाय कॉलिंगने, म्हणजे कॉल टॉवरऐवजी घरच्या वाय-फायवरून. घरात फायबर इंटरनेट होतंच, कॉल नेहमीच्या प्लॅनमधूनच जातो, वर एक रुपया लागत नाही. आवाज तर इतका स्वच्छ की लावणीच्या मजुरीचं बोलताना सातशे की आठशे हे पुन्हा विचारावं लागत नाही. साध्या २जी कॉलमध्ये साधारण ३४०० हर्ट्झच्या वरचा आवाज कापला जातो, वाय-फाय कॉलिंगच्या एचडी कॉलमध्ये ७००० पर्यंत येतो. 'स', 'श' नीट कळतात ते त्यामुळे. अर्थात समोरच्याकडेही एचडी हवं.

पण सेटिंगमधलं वाय-फाय कॉलिंगचं नुसतं बटण चालू करून भागत नाही. त्याच्याच आत 'कॉलिंग प्रेफरन्स' असतं, आणि आमच्या फोनवर ते 'मोबाइल नेटवर्क'वर होतं. म्हणजे सिग्नल उणे ११८ डीबीएमपर्यंत, म्हणजे अगदी मरतुकडा होईपर्यंत घसरला तरी फोन टॉवरलाच चिकटून बसतो आणि घरातला धडधाकट वाय-फाय वाया जातो. ते 'वाय-फाय'वर टाका. व्होल्टे (४जीवरून होणारे कॉल) हेही चालू ठेवा, नाहीतर बोलता बोलता खळ्यात गेलात की कॉल तुटतो.

जूनमध्ये मी याला दहापैकी नऊ दिले असते. जुलैत लाईटचा खेळ सुरू झाला. लाईट गेली की राउटर बंद आणि कॉलही बंद, तेव्हा गुण पाचावर आले. शेवटी राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घेतला. खर्च जिवावर आला होता, पण आता लाईट गेलेली आईला फोनवर कळतसुद्धा नाही. आज आठ.

उरलेले दोन मी देणार नाही. गणपतीच्या तोंडावर फोनचा अपडेट आला आणि प्रेफरन्स गुपचूप परत 'मोबाइल नेटवर्क'वर गेलं. माझ्याच फोनवर नाही, आईच्याही. घरात पाहुणे, भटजींचा फोन यायचा आणि आवाज पुन्हा तुटक! ग्राहकाने निवडलेलं सेटिंग त्याला न विचारता बदलायचा अधिकार यांना दिला कोणी? फोन कंपनीकडे तक्रार नोंदवली आहे, उत्तर नाही. तोवर घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे फोन अपडेटनंतर स्वतः उघडून तपासा, त्यांना ते पान सापडणार नाही.